गर्भिणीपलीकडची स्त्री
महाराष्ट्रातील स्त्री-आरोग्यविषयक सल्ल्याचा इतिहास

महाराष्ट्रात गरोदर बाईला सल्ला देणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. सासू, आई, आळीतल्या जाणत्या बायका, सुईण आणि वैद्य, पुढे नर्स, डॉक्टर आणि मासिकांचे संपादक अशी ही परंपरा चालत आली असून तिचे ग्रंथगत मूळ शोधू गेल्यास ते आयुर्वेदाच्या संहितांपर्यंत जाऊन पोचते. मात्र या सल्ल्याचा रोख पाहिला असता असे दिसते की, तो बहुतांशी पोटातल्या गर्भासाठी आणि नंतर मांडीवरच्या मुलासाठी होता. जिला दिवस गेलेले नाहीत, जिला मूल नको आहे, जिची पाळी बिघडली आहे, जिच्या अंगावरून पांढरे जाते किंवा जिचे ‘अंग बाहेर येते’, म्हणजे गर्भाशय खाली सरकते, त्या बाईच्या वाट्याला बहुधा मौनच आले. गर्भिणीची काळजी घेणारा समाज त्याच बाईच्या उरलेल्या आयुष्याकडे कसा पाहत होता, हे समजल्याशिवाय या इतिहासाला अर्थ येत नाही.

प्राचीन ग्रंथांना हा दोष सरसकट लावता येत नाही, हे आधी नोंदवले पाहिजे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भिणीचा महिनेवार आहार सांगितला आहे. पहिल्या महिन्यात थंड दूध, तिसऱ्यात मध आणि तूप घातलेले दूध, चौथ्यात दुधाचे लोणी, आठव्यात दुधात शिजवलेली पेज तुपासह, आणि नवव्यात तेलाची बस्ती, म्हणजे गुदमार्गाने दिलेले औषध, तसेच प्रसूतिमार्ग मऊ राहावा म्हणून तेलात भिजवलेला बोळा, अशी ही चढती योजना आहे. तेलाने काठोकाठ भरलेले भांडे न हिंदकळता न्यावे तितक्या जपणुकीने गर्भिणीशी वागावे, असेही तेथे म्हटले आहे. सुश्रुतसंहितेने प्रसूतीच्या वेळी जवळ असणाऱ्या चार स्त्रियांची लक्षणे दिली असून त्या विश्वासू, प्रौढ वयाच्या, प्रसूतिकर्मात कुशल आणि नखे कापलेल्या असाव्यात, असा दंडक घातला आहे. नखांचा हा उल्लेख एका शब्दापुरताच आहे; परंतु बाळंतिणीचे मरण पुष्कळदा सुईणीच्या किंवा डॉक्टरच्या हातातूनच येते, हे युरोपातील वैद्यकाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, 1847 साली सेमेलवाइस याने व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात हात धुण्याचा नियम घातला तेव्हा कुठे उमगू लागले आणि तरीही कित्येक वर्षे पटले नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका शब्दाचे मोल कळते. शिवाय या संहितांत ‘योनिव्यापद’ या नावाखाली स्त्रीच्या जननेंद्रियांचे वीस विकार वर्णिले आहेत. वेदना, स्राव, पाळीचे बिघाड, वंध्यत्व आणि गर्भाशयाचे स्थानभ्रंश या साऱ्यांची दखल त्यांत आहे, आणि चरकाने त्यांच्या चिकित्सेला स्वतंत्र अध्याय दिला आहे.

मग हे ज्ञान घरापर्यंत का पोचले नाही? वैद्य पुरुष होता, बाईची तपासणी तो नाडीपलीकडे क्वचितच करू शके, आणि ज्या बायका तपासणी करू शकत होत्या त्यांच्या हाती पोथी नव्हती. त्यामुळे ग्रंथांतील गर्भिणीचे पथ्य चालीरीतींच्या रूपाने घराघरांत उतरले, तर विकारांची चिकित्सा पोथीतच राहिली. सुश्रुताने चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते म्हणून गर्भिणीच्या इच्छा पुरवाव्यात, नाहीतर मूल व्यंग घेऊन येते, असे सांगितले. त्याचेच लौकिक रूप म्हणजे डोहाळे पुरवण्याची चाल. चोरओटी, म्हणजे पहिल्या महिन्यांत दिवस गेल्याची वार्ता गुप्त ठेवून गुपचूप भरलेली ओटी, आणि सातव्या महिन्यातले डोहाळजेवण हे सोहळे सुनेला सासरी मिळणाऱ्या थोड्या कौतुकाच्या प्रसंगांपैकी होते. एरवी जिला जेवणाच्या पंगतीत शेवटचे स्थान होते तिला या काळात काय खावेसे वाटते असे विचारले जाई, आणि ही गोष्ट कमी महत्त्वाची नाही. परंतु हे विचारणे ज्या कारणासाठी होते ते कारण पोटातले होते. ओटी भरण्याचा मान वांझ ठरवलेल्या बाईला आणि विधवेला नाकारला जाई.

बाळंतपणानंतरचा आहार-विहार हा या परंपरेचा सर्वांत समृद्ध भाग होय. बाळंतिणीला अंधाऱ्या, वारा न लागणाऱ्या खोलीत बाजेवर ठेवत, बाजेखाली शेगडी पेटवून तिच्यावर ओवा, शेपा, वेखंड टाकून धुरी देत, तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालत, डोक्याला रुमाल आणि कमरेला पट्टा बांधत. खायला हळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, तूप-भात, बाळंतशेपांचा मुखवास, आणि दूध यावे म्हणून शतावरी दिली जाई. आजच्या आहारशास्त्राच्या कसोटीवर यातील काही गोष्टी टिकतात. हळिवात लोह भरपूर असते, आणि प्रसूतीत रक्त गेलेल्या, त्यातही एकामागून एक बाळंतपणे झालेल्या बाईला लोहाची गरज मोठी असते. टिकत नाहीत त्या गोष्टीही पुष्कळ आहेत. कोंदट खोलीतला धूर नवजात बालकाच्या फुप्फुसांना घातक होता, पहिले चिकाचे दूध पिळून फेकून देण्याची चाल मुलाला आईकडून मिळणारे पहिले संरक्षण हिरावून घेत होती, आणि पाणी बेताने पाजण्याचा नियमही बाळंतिणीच्या हिताचा नव्हता. शिवाय हे सारे पथ्य ज्यांच्या घरी तूप आणि डिंक परवडत होते त्यांचे होते. शेतमजूर बाई बाळंतपणानंतर काही दिवसांतच कामावर जाई, तिला सव्वा महिन्याची विश्रांती ठाऊक नव्हती, आणि गर्भाशय पूर्ववत होण्याआधी उचललेल्या ओझ्याचा परिणाम पुढे अंग बाहेर येण्यात दिसे. पाचवीला पाटा-वरवंट्याची पूजा आणि सहाव्या रात्री सटवाईचे जागरण या चालींचा उगमही त्या दिवसांत मुले दगावत असत या अनुभवात शोधावा लागतो. नाळेच्या जखमेतून शिरलेला धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास प्रकटतो, हे लक्षात घेतले तर सटवाईचे भय निराधार नव्हते, त्याचे कारण मात्र दुसरे होते.

ते कारण सुईणीच्या हातात होते, आणि तिच्याविषयी लिहिताना न्याय करणे अवघड आहे. सुईणपण अनेक गावांत मांग, महार किंवा न्हावी समाजातील बायकांकडे असे, कारण रक्त, वार आणि नाळ यांना विटाळ मानलेले होते. वार म्हणजे गर्भाचे पोषण करणारा, प्रसूतीनंतर बाहेर पडणारा अवयव. ज्या बाईच्या सावलीचाही इतर वेळी विटाळ धरला जाई तिच्याच हातात उच्चवर्णीय घरातली बाळंतीण आणि मूल सोपवले जाई, आणि विटाळाचे दिवस संपताच तिला पुन्हा अंगणाबाहेर उभे केले जाई. ओटीपोटावर हात ठेवून मूल आडवे आहे की पायाळू हे ओळखणे, कळा मंदावल्या तर धीर देणे, वार अडली तर ती सुटेपर्यंत वाट पाहणे ही कौशल्ये तिने आईकडून आणि सासूकडून हाताळत शिकलेली होती. तिच्याकडे नव्हते ते जंतूंचे ज्ञान. नाळ विळ्याने किंवा बांबूच्या कांबटीने कापून जखमेवर राख किंवा शेण लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती, आणि तिनेच धनुर्वाताला वाट दिली. पुढच्या काळातील वैद्यकाने सुईणीला अडाणी ठरवून दूर सारले, परंतु तिला शिकवण्यासाठी फारसे काही केले नाही. अडलेल्या बाळंतिणीजवळ रात्री-अपरात्री पोचणारी ती एकटीच होती, याचा विसर पडता कामा नये. सर्व गरोदर बायकांना धनुर्वाताची लस देण्याची व्यवस्था उभी राहिल्यावर चित्र पालटले, आणि 2015 साली भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य करण्यात आले.

एकोणिसाव्या शतकात या क्षेत्रात पहिला धाडसी हस्तक्षेप वैद्यकाने नव्हे तर समाजसुधारकांनी केला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, ते पुनर्विवाह निषिद्ध असलेल्या आणि फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांना गुप्तपणे बाळंत होता यावे यासाठी होते. ज्या गर्भिणीचे डोहाळे कोणीच पुरवणार नव्हते, जिच्यापुढे विहीर किंवा भ्रूणहत्या एवढेच पर्याय होते, तिच्यासाठी उघडलेले ते दार होते. गर्भ धर्मसंमत असेल तरच गर्भिणीची काळजी, हा परंपरेचा अलिखित नियम या संस्थेने मोडला, आणि म्हणून स्त्री-आरोग्याच्या इतिहासात तिचे स्थान कोणत्याही रुग्णालयाच्या आधीचे आहे.

आनंदीबाई जोशी यांचे वैद्यकाकडे वळणेही स्वतःच्या बाळंतपणातून आले. चौदाव्या वर्षी झालेला त्यांचा मुलगा दहा दिवसांत गेला. फेब्रुवारी 1883 मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथील जाहीर सभेत त्यांनी भारतात स्त्री डॉक्टरांची निकड आहे हे मांडले, त्याच वर्षी त्या अमेरिकेस गेल्या, आणि 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. संस्कृत ग्रंथांत जे बंद पडले होते ते आधुनिक वैद्यक शिकलेल्या एका मराठी स्त्रीने उघडून वाचले, हे त्याचे महत्त्व. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, परंतु क्षयाने त्या 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात निवर्तल्या. कोल्हापुरातील ते काम पुढे कृष्णाबाई केळवकर यांच्यासारख्या डॉक्टरांनी केले. लादलेल्या बालविवाहाविरुद्ध न्यायालयात उभ्या राहिलेल्या रखमाबाई 1894 मध्ये एम.डी. होऊन परतल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे स्त्रियांच्या रुग्णालयांत आयुष्य वेचले. मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रियांनीच चालवायचे कामा रुग्णालय 1886 मध्ये उघडले, आणि एडिथ पीची या इंग्लिश डॉक्टरबाईंनी त्याची धुरा वाहिली. 1885 मध्ये स्थापन झालेल्या डफरिन निधीतूनही देशभर स्त्रियांसाठी दवाखाने निघाले, तर पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी विधवा आणि परित्यक्तांना नर्स व सुईण होण्याचे शिक्षण मिळवून दिले.

बालविवाहाचा प्रश्न या डॉक्टरबाईंच्या दृष्टीने धर्माचा नसून शरीराचा होता. 1890 मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही मुलगी पतीच्या समागमाने मृत्यू पावल्यावर स्त्री डॉक्टरांनी बालपत्नींना झालेल्या इजांची उदाहरणे सरकारपुढे ठेवली, आणि 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने समागमाला संमती देण्याचे वय दहावरून बारा केले. पुण्यात या कायद्यावर जे रणकंदन झाले त्यात शास्त्रवचनांचा कीस पडला, टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला, आणि ज्या मुलींच्या शरीराविषयी हा वाद चालला होता त्यांना कोणी काही विचारले नाही.

मूल नको असण्याचा हक्क प्रथम कोणी स्पष्टपणे मांडला, तर तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. गणिताच्या या प्राध्यापकांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मेरी स्टोप्स यांचे लंडनचे केंद्रही त्याच वर्षीचे आहे. या कामापायी त्यांची नोकरी गेली, तरी जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि ऑक्टोबर 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. त्यांच्या पत्नी मालतीबाई या कामात सोबत होत्या. गर्भनिरोधाची साधने, गुप्तरोग, पाळी, समागमातील अडचणी यांवर या मासिकाने मराठीत जितके सरळ लिहिले तितके त्याआधी कोणी लिहिले नव्हते, आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याची त्याची पद्धत म्हणजे या इतिहासातील एक नवी गोष्ट होती, कारण येथे प्रथमच सल्ला मागणाऱ्याच्या प्रश्नावरून सल्ला ठरत होता. याच उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना शास्त्रीय उत्तर देणे हा गुन्हा ठरू शकत नाही, हा युक्तिवादाचा गाभा होता. कर्व्यांना दंड झाला. आंबेडकरांचा या विषयाशी संबंध तेवढ्यापुरता नव्हता. 1928 मध्ये मुंबई कायदे मंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना कामगार स्त्रीच्या विश्रांतीचा खर्च मालकानेही सोसला पाहिजे, अशी भूमिका त्यांनी घेतली, त्या विधेयकाचे 1929 मध्ये देशातील पहिल्या प्रसूतिलाभ कायद्यात रूपांतर झाले, आणि नोव्हेंबर 1938 मध्ये त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडलेला संततिनियमनाचा ठराव मात्र फेटाळला गेला.

मुंबईच्या रुग्णालयांत या काळात शस्त्रक्रियेचे मोठे काम झाले. परळला 1926 मध्ये सुरू झालेल्या नवरोसजी वाडिया प्रसूतिगृहात गिरणी कामगारांच्या बायका बाळंत होऊ लागल्या. गोव्यातील शिरोडा येथे जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांसाठी गर्भाशयाचे तोंड टाक्याने आवळून धरण्याची शस्त्रक्रिया 1955 मध्ये प्रसिद्ध केली, आणि ‘शिरोडकर टाका’ या नावाने ती जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. खाली सरकलेले गर्भाशय काढून न टाकता वर बांधून ठेवण्याच्या शिरोडकर आणि पुरंदरे यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांचे मोल तर अधिकच मानले पाहिजे, कारण शतकानुशतके ज्या दुखण्याला घरात नावही घेता येत नव्हते त्याच्यावर, बाईचे वय आणि तिची पुढील इच्छा ध्यानात घेऊन, येथील डॉक्टरांनी विचार केला होता.

स्वातंत्र्यानंतर सल्ल्याचा मालक राज्यसंस्था झाली. 1952 मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला, त्याचे चिन्ह असलेला लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर उमटला, 1971 मध्ये गर्भपाताला कायद्याची मान्यता मिळाली. कर्व्यांनी मागितले होते ते बरेचसे मिळाले, पण ते लोकसंख्येला आळा घालण्याच्या वेगळ्या हेतूने मिळाले. आणीबाणीतील नसबंदीच्या सक्तीनंतर पुरुष-नसबंदी मागे पडून ‘ऑपरेशन’चा जवळजवळ सारा भार बायकांवर आला, आणि आरोग्यसेविकेने गावात किती ‘केसेस’ दिल्या यावर तिचे काम मोजले जाऊ लागले. गर्भजलपरीक्षेने मुलगी ओळखून गर्भ पाडण्याचा प्रकार बोकाळल्यावर महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सर्वांआधी त्यावर बंधन घालणारा कायदा केला. 2005 नंतर आशा कार्यकर्त्या आणि जननी सुरक्षा योजना यांमुळे रुग्णालयातील बाळंतपणे झपाट्याने वाढली, आणि आज राज्यात दहांपैकी नऊहून अधिक बाळंतपणे रुग्णालयात होतात. बाळंतपणात मरण येणे ही आता क्वचित घडणारी गोष्ट झाली आहे, हे या शतकाचे निर्विवाद यश आहे.

परंतु गरोदर नसलेल्या बाईचे काय, हा प्रश्न गडचिरोलीत विचारला गेला. राणी आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्याने तेथील दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, दर बाईमागे सरासरी 3.6 विकार आढळले, आणि आयुष्यात पूर्वी कधी स्त्रीरोगासाठी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त 8 टक्के होत्या. हे आकडे जगभरच्या आरोग्य-धोरणात उद्धृत झाले आहेत, तरी त्यांचा अर्थ समजायला गावात बायका काय बोलतात ते ऐकावे लागते. धुपणी, म्हणजे अंगावरून पांढरे जाणे, हा त्यांच्या मते आजार नव्हता. बाईच्या जन्माला आल्यावर ते सोसायचेच, अशी समजूत होती, आणि जे सोसायचे असते त्यासाठी कोणी दवाखान्यात जात नाही. राणी बंग यांनी ‘कानोसा’ या पुस्तकात या समजुती, त्यांची नावे आणि त्यामागची भीती बायकांच्याच बोलण्यातून नोंदवली. पोथीतल्या वीस योनिव्यापदांपासून या नोंदीपर्यंतच्या काळात बाईचे म्हणणे हाच पुरावा मानण्याचे काम महाराष्ट्रात इतक्या पद्धतशीरपणे बहुधा पूर्वी झाले नव्हते.

शहरी वाचकवर्गात याच काळात सल्ल्याच्या पुस्तकांची लाट आली. मालती कारवारकर यांच्या ‘वंशवेल’ने गर्भिणीच्या आहाराकडे लक्ष वेधले, पुढे बालाजी तांबे यांचे ‘आयुर्वेदीय गर्भसंस्कार’ घरोघरी पोचले. या पुस्तकांनी अनेक जोडप्यांना गर्भारपण गंभीरपणे घ्यायला शिकवले. त्यांच्या नावांतच मात्र वंश आणि गर्भ आहेत, आणि परंपरेचा जुना रोख तेथेही कायम राहिला आहे.

तो रोख किती महाग पडतो ते बीड जिल्ह्यात दिसले. ऊसतोड कामगारांत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतात, आणि एक दिवस खाडा झाला तर उचलीतून दंड कापला जातो. फडात पाणी नाही, आडोसा नाही. पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलाव्या लागतात, धुपणी आणि ओटीपोटातले दुखणे अंगावर काढले जाते, आणि हंगाम संपल्यावर खासगी दवाखान्यात गेलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असा सल्ला मिळत असल्याच्या तक्रारी 2019 मध्ये पुढे आल्या. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात आलेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती, आणि त्यांतील कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. गर्भपिशवी, आणि तिच्यासोबत बीजकोश, तरुणपणी काढले गेले तर हाडे ठिसूळ होणे, गरम वाफा येणे, हृदयविकाराचा धोका वाढणे या गोष्टी ओढवतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ज्या संसर्गासाठी अनेकींना औषधाच्या गोळ्यांचा योग्य क्रम आणि पतीवरही उपचार एवढे पुरले असते, त्यासाठी अवयव गेला.

बीडमध्ये त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया करण्यास मनाई झाली. हा नियम चांगला आहे, पण तो शस्त्रक्रियेच्या दारातला आहे. त्याच्या कितीतरी आधी, अंगावरून पांढरे जाऊ लागल्यावर किंवा पाळी बिनसल्यावर, त्या बाईला तपासणाऱ्या स्त्री डॉक्टरची वेळ आणि ऐकून घेणारा कान प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाला पाहिजे, आणि गर्भपिशवी काढण्याचा सल्ला मिळालेल्या प्रत्येक बाईने, विशेषतः ती चाळिशीच्या आतली असेल तर, सोनोग्राफी आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी झाल्याशिवाय आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.